सायकल स्टँडवरची मुलाखत

"ए, विझव ते! आधी विझव! कॉलेज पेटवतीस काय?"

अध्यक्षसाहेब वरच्या गॅलरीतून ओरडत होते. मी खाली व्हरांड्यात. एका हातात पेटलेला पेपर, दुसऱ्या हातात हलगी, अंगावर आईनं तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला पंजाबी ड्रेस. साहेबांचा आवाज असा, की पंचगंगेपलीकडच्या म्हशींनीसुद्धा रवंथ थांबवला असेल.

मी काही कॉलेज पेटवत नव्हते. भाद्रपदातली दमट हवा होती. हलगीचं कातडं मऊ पडलं होतं. मऊ पडलेली हलगी वाजवली तर भिजलेल्या पोत्यावर काठी मारल्यासारखी वाजते. ती जाळावर शेकावी लागते. शेकली की ताणते, ताणली की बोलते. आमच्या वस्तीतल्या रांगत्या पोरालाही हे कळतं. साहेबांना कळायचं कारण नव्हतं.

मी म्हटलं, साहेब, तापवल्याशिवाय वाजत न्हाय.

"मग मागं जा. सायकल स्टँडवर. तुझा जाळ तिकडं घेऊन जा."

मघाशी वर नाव सांगायला गेले तेव्हा दारातून हॉल दिसला होता. टेबलाच्या पलीकडं पाच खुर्च्या, अलीकडं एक. त्या एका खुर्चीवर बसून मला बोलायचं होतं. पाच महिने मी त्या खुर्चीची तयारी केली होती. आणि मी निघाले होते सायकलींकडं.

ती मुलाखत होती. स्वीडनला जायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहरातल्या बड्या लोकांचं एक मंडळ होतं, अध्यक्षसाहेब त्याचेच. त्यांनी स्वीडनमधल्या एका कॉलेजशी ठरवलं होतं, की इथल्या दोन विद्यार्थ्यांनी एक सत्र तिकडं शिकायचं. जानेवारीत जायचं, जूनमध्ये परतायचं. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. मी बीएस्सीला होते, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. लेखी परीक्षेची यादी नोटीस बोर्डावर लागली तेव्हा पहिलं नाव माझं. मी ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा मैत्रिणीला वाचायला लावलं, कारण स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची आमच्यात पद्धत नाही.

आम्ही मातंग. कसबा बावड्याच्या कडेला वस्ती. वडील, म्हणजे आबा, हलगी वाजवायचे. कुस्तीचं मैदान असो, वरात असो, मयत असो, आबा पुढं आणि माणसं मागं. त्यांना मुलगा नव्हता. लहानपणापासून हलगी शेकून द्यायचं काम माझ्याकडं. शेकून झाल्यावर तापली का हे बघायला दोन टिपऱ्या मारायच्या. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या चाळीस. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, पोरगी वाजवती, उद्या मिशी फुटंल. मिशी काही फुटली नाही. हात मात्र बसला.

स्वीडन कुठं आहे हे वस्तीत कुणालाच माहीत नव्हतं. शेजारच्या काकूंना वाटलं निपाणीच्या थोडं पुढं. त्यांनी विचारलं, एस्टी थेट हाय का मध्ये बदलाया लागती? आई म्हणाली, विमान हाय. काकू म्हणाल्या, मग घाटात लागत न्हाय ते बरं.

फॉर्मवर पासपोर्टचा नंबर लागत होता. त्यासाठी पोलीस चौकशीला घरी आला. खाकी कपडा वस्तीत शिरला आणि पाच मिनिटांत वस्तीतले सगळे बाप्ये मागच्या वाटेनं उसाच्या फडात. हवालदार दारात उभा राहून माझं नाव विचारत होता आणि आई हात जोडून म्हणत होती, साहेब, पोरीनं कायबी केलं न्हाय. मी फक्त परदेशी जाणार आहे हे पटायला तिला अर्धा तास लागला. चहा पिऊन हवालदार गेला. आमच्या वस्तीतून पोलीस कुणालाही न धरता गेला, हे पहिल्यांदाच घडलं. फडातली माणसं संध्याकाळी उतरल्या तोंडानं परतली. सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना फसवलं होतं.

काट्या-चमच्याचा सराव केला. पिठलं-भाकरी काट्यानं खाऊन बघा कधीतरी. भाकरी काट्याला ऐकत नाही. आई बघत बसायची. शेवटी म्हणाली, हाताला काय झालंय तुझ्या? थंडीचीही सवय पाहिजे म्हणून आबांच्या ओळखीनं बर्फाच्या कारखान्यात गेले आणि लाद्यांच्या मध्ये तासभर उभी राहिले. तासभर म्हणजे, खरं सांगायचं तर दहा मिनिटं. पण ओठ निळे झाले, हे खरं. आरशासमोर बसून, बाईमाणसानंही 'मी येतो, मी जातो' म्हणायची आमची कोल्हापुरी सवय मोडली. घरात प्यायच्या तांब्यांपेक्षा नदीच्या पाण्याच्या बाटल्या जास्त झाल्या होत्या. कुठल्या घाटावर कुठले जंतू, किती, कुठल्या महिन्यात, सगळं वहीत. स्वीडनमधल्या त्या कॉलेजात पाण्यावर काम चालायचं. मला का जायचंय, याचं उत्तर माझ्याकडं बाटल्यांत भरलेलं होतं.

फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न होता. आपल्या संस्कृतीतलं काय तुम्ही तिथं सादर कराल?

बाकीच्या पोरांनी लिहिलं भरतनाट्यम, योगासनं, रांगोळी. मी इंग्रजीच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, जे घरात आहे ते लिही, खोटं लिहू नको. मनानं चांगल्या होत्या. मी लिहिलं, हलगी. निरोप आला, मुलाखतीला येताना घेऊन या.

मला आनंद झाला होता. हे सांगायलाच पाहिजे. आबांना तर इतका, की त्यांनी आपली चांगली हलगी दिली, मैदानावरची.

तर सायकल स्टँड.

मी दोन सायकलींच्या मध्ये पेपर पेटवला. हलगी शेकली. बोटानं टिचकी मारून बघितली. वर बघितलं तर पाचहीजण मागच्या गॅलरीत आले होते. हातात चहाचे कप. मला वाटलं, बरं झालं, आधी वाजवणं होऊन जाईल, मग वर जाऊन बोलायचं.

"हां, कर सुरू," अध्यक्षसाहेब म्हणाले.

मी वाजवली. त्या दिवशी अशी वाजवली की स्टँडवरच्या दोनशे सायकलींच्या घंट्या आपोआप वाजायला लागल्या. खोटं वाटतंय ना? खोटंच आहे. पण लायब्ररीतली पोरं खिडकीत आली, कँटीनवाला कढई तशीच सोडून आला, हे खरं. वरून एकजण म्हणाला, चढव अजून. दुसरा म्हणाला, कुस्ती लागल्यासारखी होऊ दे. मी चढवली. घाम डोळ्यांत. ओढणी कधी पडली कळलं नाही.

आणि वरून एक नोट आली.

दहाची. हवेत गिरक्या घेत आली आणि माझ्या पायापुढं पडली.

आता इथं थांबून सांगते. आमच्या धंद्याची एक रीत आहे. हलगीपुढं पडलेली बक्षिसी जमिनीवर राहू द्यायची नाही. ठेका न तोडता वाकायचं, नोट उचलायची, कपाळाला लावायची, देणाऱ्याकडं बघून मान तुकवायची. मला हे कुणी बसवून शिकवलं नव्हतं. आबांना करताना हजारदा बघितलं होतं. डोक्यात त्या वेळी पंचगंगेचं पाणी होतं, इंग्रजीतली उत्तरं होती, ती खुर्ची होती. पण हात आबांचे निघाले.

मी वाकले. उचलली. कपाळाला लावली. मान तुकवली.

वर हसले सगळे. वाईट हसले नाहीत. खुशीत हसले. लग्नात हसतात तसे. वाईट हसले असते तर मला त्याच क्षणी कळलं असतं.

एकजण म्हणाला, "झाली हिची मुलाखत. पुढचं कोण?"

मला वाटलं, गंमत करताहेत. जाळ पायानं विझवला, ओढणी उचलली, तोंड पुसलं, वर गेले. दारात शिपाई. म्हणाला, तुझी झाली की. मी म्हटलं, अजून व्हायची हाय. तो आत जाऊन विचारून आला. "झाली म्हणत्यात. खूण केलीया नावापुढं."

दार अर्धं उघडं होतं. माझ्या खुर्चीवर सायली बसली होती. माझ्याच वर्गातली. अध्यक्षसाहेबांची पुतणी. तिला विचारलं, का जायचंय तुला? ती म्हणाली, मला जग बघायचंय. पाचहीजण म्हणाले, वा.

माझं उत्तर पावणेचार मिनिटांचं होतं. घड्याळ लावून पाठ केलेलं. हलगी खांद्याला अडकवून मी ते परत सायकल स्टँडवर नेलं.

घरी आबा दारातच. विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, वाजवली. नोट पडली वरून.

त्यांनी पहिलं काय विचारलं? "उचललीस न्हवं? पायाखाली आली न्हाय न्हवं?"

"उचलली."

"मग झालं," आबा म्हणाले. "साहेबलोक खूश झालं म्हणायचं."

नोट त्यांनी माझ्या हातातून घेतली, हलगीपुढं ठेवली, हळद-कुंकू वाहिलं. चेहरा असा फुललेला, की त्यांना काय सांगावं? कुठल्या शब्दांत? त्या माणसाच्या सगळ्या आयुष्यात वरून पडलेली नोट हाच मान होता. तो मान पोरीला मिळाला म्हणून ते खूश होते. मी मोरीत गेले आणि कपाळ धुतलं. साबणानं. एरवी असलं काही सांगताना मी शंभरदा म्हटलं असतं. तीनदा धुतलं. तीनदाच.

तीन आठवड्यांनी यादी लागली. दोन नावं. एक दुसऱ्या कॉलेजचा मुलगा. एक सायली. लेखी परीक्षेत ती अकरावी होती. खाली एक ओळ: सांस्कृतिक सादरीकरणाबद्दल विशेष उल्लेख. त्यापुढं माझं नाव.

मी बोर्डासमोर किती वेळ उभी होते आठवत नाही. बर्फाच्या कारखान्यात उभी राहिले होते, त्यापेक्षा जास्त.

दोन दिवसांनी अध्यक्षसाहेबांनी बंगल्यावर बोलावलं. मला वाटलं, चूक झाली असं म्हणतील. माणूस किती मूर्ख असतो बघा. सायली तिथंच होती. साधी पोरगी, तिचा मला आजही राग येत नाही. ती म्हणाली, मला तीन-चार ठेके शिकव ना, तुझ्यासारखं कुणालाच येत नाही.

साहेब म्हणाले, "हे बघ, तिथं आपली हलगी गेली पाहिजे. कोण घेऊन गेलं याला महत्त्व नाही. दोन महिने हिला शिकव. तुला सर्टिफिकेट देऊ. सांस्कृतिक मार्गदर्शक."

मी विचारलं, साहेब, माझी मुलाखत कुठं झाली?

"झाली की. आम्ही पाचहीजणांनी ऐकली."

"ऐकली ती हलगी. मला कुणी एक प्रश्न विचारला न्हाय."

साहेब हसले. तेच खुशीतलं हसू. "अगं, बक्षिसी घेतलीस की तू. कपाळाला लावून घेतलीस."

खरं होतं. घेतली होती. त्या एका वाक्यात मला सगळं दिसलं. त्यांनी मला उमेदवार म्हणून बोलावलंच नव्हतं. मी वाकले तेव्हा त्यांचं जे ठरलेलं होतं त्यावर मीच अंगठा उठवला. माझ्या मार्कांवर, बाटल्यांवर, पाठ केलेल्या पावणेचार मिनिटांवर माझ्याच दोन हातांनी पाणी सोडलं. आणि ते हात मला माझ्या बापानं दिले होते. त्याला त्याच्या बापानं.

मी म्हटलं, "मी शिकवणार न्हाय."

"म्हणजे?"

"न्हाय म्हणजे न्हाय."

साहेब चिडले नाहीत. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, मग तुझ्या वडिलांना सांगतो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस घरी आला. पानसुपारी आणि नारळ घेऊन. मी कॉलेजात होते. आबांनी सुपारी घेतली. आमच्यात सुपारी घेतली की घेतली. मेलेला माणूस उठून बसला तरी वाजवायला जायचं. मी संध्याकाळी आले तर नारळ कोनाड्यात.

मी म्हटलं, आबा, ती माझी जागा हाय.

ते म्हणाले, "जागा त्यांचीच असती, बाळ. आपण वाजवायचं." वर म्हणाले, "पुढल्या साली तुझा नंबर लावतो म्हणाल्यात."

दोन महिने आबा बंगल्यावर सायलीला शिकवायला जात होते. रोज धुतलेला सदरा, पटका. एकदा मी विचारलं, बसवतात कुठं तुम्हाला?

"पोर्चमध्ये," आबा म्हणाले. "गाडी बाहेर काढत्यात माझ्यासाठी."

अभिमानानं म्हणाले. सायली हलगी केस वाळवायच्या यंत्रानं तापवते, हे त्यांनी आठ दिवस साऱ्या वस्तीला सांगितलं. सगळे पोट धरून हसले. मीही हसले. मग मागच्या बाजूला जाऊन बसले.

त्या दोन महिन्यांत घरात आमच्या दोघांत जेवायला चल, दिवा लाव, यापलीकडं बोलणं झालं नाही. एकदा हलगी खुंटीवरून काढली. फोडावी असं वाटलं. फोडली नाही. ती हलगी माझी होती, साहेबलोकांची नव्हती. आबांची होती, आजोबांची होती. फोडून मी कुणाचं काय बिघडवणार होते? ती परत खुंटीला अडकवली आणि एवढंच ठरवलं, की वर उभं राहून बघणाऱ्यापुढं ही माझ्या हातून परत वाजणार नाही. आणि माझी मुलाखत मी मागणार. भीक म्हणून नाही. राहिलेलं काम म्हणून.

मी अर्ज लिहिला. मराठीत, स्वच्छ अक्षरात. चार ओळी. लेखी परीक्षेत माझा पहिला क्रमांक आहे. माझी मुलाखत घेण्यात आलेली नाही. ती घेण्यात यावी. हॉलमध्ये, खुर्चीवर बसवून.

प्राचार्यांच्या ऑफिसात हेडक्लार्क बसायचे. डोक्यावर पंखा, पुढं फायलींचा डोंगर. म्हणाले, ठेव तिकडं. मी म्हटलं, दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का द्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. आमच्या वस्तीतली पोरगी शिक्का मागते, हे त्यांनी नोकरीच्या तीस वर्षांत बघितलं नसावं. शाई वाळलीय म्हणाले. मी उभी राहिले. जेवायला गेले, परत आले, मी उभीच. साडेतीनला शाई ओली झाली.

पुढच्या सोमवारी दुसरा अर्ज. त्याच चार ओळी, तारीख नवी. मग तिसरा. प्राचार्यांनी आत बोलावलं. म्हणाले, यादी तिकडं गेली, आता कशाला? वर्तणुकीचा दाखला इथूनच लागतो पुढं, लक्षात आहे ना? मी म्हटलं, हाय. मॅडम जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, सोड आता, अभ्यासाकडं बघ, तूच दुखावून घेतेस. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या पाण्याचा उपयोग नव्हता. मी अभ्यासही करत होते आणि सोमवारही चुकवत नव्हते. पोरं मला सोमवार म्हणायला लागली. ए सोमवार, आज कितवा?

जानेवारीत सायली निघाली. स्टेशनवर हारतुरे, फोटो. आणि हलगी. आबा वाजवायला गेले होते. मी गेले नाही. शेजारच्या काकू गेल्या होत्या, त्यांनी येऊन सांगितलं, तुझ्या आबानं स्टेशन दणाणून सोडलं. गाडी हलली तरी थांबंना. डब्याबरोबर पळत वाजवत होता. फलाट संपला तिथं थांबला.

आबा घरी आले. पटका काढला. पाणी मागितलं. मी दिलं. ते पिऊन भांडं हातात तसंच धरून बसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या पोरीला हात न्हाय. अजाबात न्हाय." मी भांडं त्यांच्या हातातून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मी सांगणार नाही. इतकं सगळं वाढवून-चढवून सांगितलं, तेवढं मात्र सांगणार नाही.

चार दिवसांनी सोमवार होता.

हेडक्लार्कनी माझ्या हातातला कागद बघितला. या वेळी रागावले नाहीत. दमलेले दिसले. पेन बाजूला ठेवलं, चष्मा काढला आणि वडीलधाऱ्यासारखं म्हणाले, अगं, गाडी गेली, विमान गेलं, ती पोरगी तिथं पोचून दोन दिवस झाले. आता ह्या अर्जाचा काय उपयोग?

"शिक्का मारा," मी म्हटलं.